चोकची केबल

मे महिना, नागदेवी स्ट्रीट, दुपारचे दोन.
मी हीटरची केबल मागतो.
मुस्तनसिरभाई टेबलफॅन माझ्याकडे वळवतात.
"कुठली गाडी?"
गाडी नाही, म्हणतो, आणि पुढचं गिळतो.
पुढचं सांगितलं की लोक चहा मागवतात
आणि केबल राहून जाते.

चार फूट दोन इंच. आत एकेरी, ताठ तार.
ओढली तर यावी, ढकलली तर जावी.
ढकलताना कंबरेत वाकणाऱ्या
तीन दुकानांत पाहून आलोय.

भांडुपच्या गाळ्यात, पापडवाल्यांच्या भिंतीला लागून,
ते उभं आहे, अजून पंखांशिवाय.
फायरवॉलला दोन इंची भोक,
त्यावर सध्या श्रीखंडाच्या डब्याचं झाकण.
झडप मीच घडवली, स्टेनलेसची, चौथ्या खेपेला जमली.
उघडणं कुणालाही येतं;
ती मिटायला हवी, केसभरही फट न ठेवता.
एक्झॉस्टला चीर गेली तर जे आत येतं
त्याला वास नसतो.

नऊ हजार फुटांवर बोटं आखडतात म्हणे.
मी महाबळेश्वरपर्यंत गेलोय, म्हणजे निम्म्यावर.
तिथे हिनं मोज्यांवर मोजे चढवले होते.

शेजारची सीट हिची.
येईन, असं ती कधी म्हणाली नाही.
येणार नाही, असंही नाही.
एकदा भाजी निवडता निवडता विचारलं,
"पायाशी वारा लागेल का हो?"
त्या रात्री ड्रॉइंगमध्ये हीटर आला.

पोऱ्या माळ्यावरून धूळ घेऊन उतरतो.
"फियाटच्या चोकची. अब्बांनी गठ्ठ्यानं घेतलेल्या,
टॅक्सीवाले होते तेव्हा."
काळी मूठ, अक्षर पुसलेलं. पाच फूट.
ओढतो. येते.
ढकलतो. जाते.
माझा घाम तिच्यावर टपकतो, तो शर्टानं पुसतो.

"मुंबईत हीटर?" पैसे मोजताना ते विचारतात.
मी बोट वर करतो.
ते छताकडे बघतात, मग माझ्याकडे,
मग पोऱ्याला म्हणतात, "दो कटिंग."

रात्री केबल ओट्यावर.
आमटी उकळतेय, आणि ही मूठ ओढते, ढकलते, ओढते.
"उजवीकडे बसवा," म्हणते, "माझ्या हाताशी."

पॅनलला भोक मी डावीकडे पाडलंय.
उद्या दुसरं पाडावं लागेल.
उजवीकडे जायला तार जास्त लागते, पावणेपाच तरी.

बरं झालं, दुकानातच कापून घेतली नाही.