आठ मिलिमीटर

उद्यमबागेत, तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पुढं,
सत्तावीस वर्षं मी एकाच लेथपुढं उभा आहे.
माझ्या हातून गेलेलं भोक
केसाच्या दहाव्या हिश्शाइतकंही चुकत नाही.
मालक आता मोजायचं सोडून दिलाय.

आणि माझ्याच कमरेत एक गादी
जागा सोडून बाहेर आली. एवढीशी.
उजव्या कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत
तापलेली तार कुणी ओढत न्यावी
तशी दोन वर्षं.

बेळगुंदीच्या एकानं पाठीवर पाय दिला.
सासूनं मिठाची पुरचुंडी तव्यावर शेकली.
पट्टा बांधून कामावर गेलो तर शेजारच्या मशीनवरचा शिवपुत्र म्हणाला,
"आता पैलवान दिसतोस की रे."
शिंक आली की आधी मशीन बंद करायचो,
मग दोन्ही हातांनी बेड धरून शिंकायचो.

डॉक्टर हुलिकट्टी बाईंनी फिल्म खिडकीला धरली.
मणके एकावर एक, फ्लँज रचून ठेवावेत तसे.
चौथ्या-पाचव्याच्या मधलं वॉशर फुटलंय, मीच म्हणालो.
"वॉशरच," त्या म्हणाल्या, "पण नवं मिळत नाही.
फुटलेला तुकडा तेवढा काढते."
भोक केवढं?
आठ मिलिमीटर.
प्लस-मायनस किती, विचारणार होतो.
विचारलं नाही.

फॉर्म कन्नडमधला.
पाट्यांच्या भांडणात कॉलेजात असताना
ज्याचं डोकं फुटलं होतं, तो माझा थोरला भाऊ.
त्यानं न वाचता सही केली.
मराठीत.

पालथा झोपवलं. भूल कमरेपुरती, मी टक्क जागा.
मान वळवली की पडद्यावर माझंच आतलं:
लालसर, पांढरं, धाग्याधाग्यांचं,
आणि त्यावरून सारखं वाहणारं पाणी.
पाणी बघून जिवाला बरं वाटलं.
आमच्याकडंही कूलंट सुरू असल्याशिवाय
मी टूल टेकवत नाही.

त्या कन्नडमधून विचारायच्या, मी मराठीतून सांगायचो.
"नोवु इदेया?"
दुखतंय, पण सोसवतंय.
"कालु अल्लाडसरी."
अंगठा हलवला.
ग्लोरिया सिस्टर दोघांनाही हं हं म्हणत
माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी.

मग चिमटा नसेला लागला
आणि मी ओरडलो,
"अव्वा!"

आई गं नाही. अव्वा.
आमच्या घरात हा शब्द कुणी वापरत नाही.
शिवपुत्रचा असणार.
इतक्या वर्षांत कधीतरी
त्याच्या मशीनवरून चिपसारखा उडून
माझ्यात रुतून बसलेला.

"बास, बास," बाई म्हणाल्या. "आतु. मुगीतु."
बाटलीत दाखवलं:
ओल्या खोबऱ्याच्या किसासारखं काहीतरी, चिमूटभर.
एवढ्यासाठी
मी दोन वर्षं चपलेत पाय घालताना दाराची कडी धरत होतो?

चार तासांनी चालत लघवीला गेलो.
भाऊ मागून येत होता, हात पुढं करून,
लहान पोराच्या मागं जावं तसा.
मी वळून बघितलं नाही. त्याला बरं वाटलं नसतं.

दहाव्या दिवशी टाका निघाला. एकच होता.
रेणुकानं माझा व्हर्निअर आणून पाठीला लावला,
उलटा धरून.
"सात, आणि पुढचे हे बारीक आकडे कसे वाचायचे हो?"
नको वाचू, म्हटलं. गार लागतंय.

आता चक उचलायचा नाही, बाईंनी बजावलंय.
इरफान उचलतो. नवीन पोरगा, बावीसचा,
गुडघे न वाकवता उचलतो.
ओरडतो मी त्याला. हसतो.
तो चक चढवेपर्यंत
माझे हात कुठं ठेवायचे, मला कळत नाही.

आणि पहाटे तीनला, जुन्या सवयीनं, जाग येते.
पाय चाचपतो.
मजगावातली कुत्री भुंकत असतात.
पाय तिथंच आहे, त्यात कुणी नाही.
तरी मी थोडा वेळ
तसाच पडून वाट बघतो.