न्योकी

हर्टेल अव्हेन्यूच्या कोपऱ्यावरचं
म्हाताऱ्या साल्वातोरेचं हॉटेल आता भाचा चालवतो.
पाटी तीच. लाल चौकड्यांचे टेबलक्लॉथ तेच,
फक्त प्लास्टिकचे, कोपराला चिकटणारे.

लोरेननं न्योकी मागवली, मी वांग्याचं पार्मेजान.
पाऊण तासानं आलं ते
मधे गार, कडेला करपलेलं,
सॉसला डब्याच्या पत्र्याची चव.
न्योकी काट्याखाली दबायची आणि पुन्हा वर यायची,
खोडरबरासारखी.

"बटाटा नाहीच यात," लोरेन म्हणाली.
"असेल. तोंडओळखीपुरता."
ती हसली. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदाच.

मग आम्ही सुटलोच.
पाव कालचा. छे, परवाचा.
चीज म्हणजे वखारीतला भुसा,
आणि वाइन, जखमा धुवायला बरी.

रोझाल्बा, तीस वर्षं तिथंच वाढणारी,
प्लेटा उचलता उचलता म्हणाली, "कसं होतं?"
"छान," दोघंही एकदम.
तिनं भरल्या प्लेटांकडे पाहिलं
आणि काही न बोलता बिलातली वाइन खोडली.

माझ्या कोटाच्या आतल्या खिशात
वकिलाचा लिफाफा होता.
घर कुणाला, कुत्रा कुणाला.
कॉफी आली की काढायचा, असं ठरलेलं.
कॉफी आम्ही घेतलीच नाही.
घ्यायची हिंमत कुणाची होती तिथं?

बाहेर गाडीच्या काचेवरचा बर्फ
एका बाजूनं मी खरवडला,
दुसऱ्या बाजूनं ती.

घरी उरलेल्याचा डबा उघडून खाली ठेवला.
कुत्र्यानं हुंगलं,
आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि निघून गेला.