दाराला टेकवलेला खराटा

फिनलंडात, नदीच्या वळणावर,
जिथे आधी कागद बनायचा
त्या गिरणीच्या पोटात आता थंड वारा फिरवतात.
रात्रपाळीला आइला केम्पाइनेन, एकटी.
बाहेर उणे सत्तावीस. पडद्यावर
अजून न जन्मलेली तीनशे यंत्रं.

लोखंड नाही त्यांना, वजन नाही.
आज्ञा मिळाली की एकाच साच्यातून उठतील
चाळीस सेकंदांत, डोळे न चोळता.
सटवाईला निदान पाचवी रात्र तरी मिळते;
आइलाला कपाळ आधीच लिहून ठेवावं लागतं:

पत्ता दहा, वीस, चार.
शेवटचा आकडा उठल्यावर तुझा तू माग.
येईल त्याला नाही म्हण.
मग त्या नाहीला सुईएवढी भोकं पाड.
बावीस नंबरचं पोर्ट, आतल्या गल्लीपुरतं.
चारशे त्रेचाळीस, समोरच्या त्या एकासाठी.
पासवर्ड कुणी सांगितला तरी ऐकू नकोस,
किल्ली बघ.
शेजाऱ्याशी बोलू नकोस,
तो तुझ्याच साच्यातला असला तरी.
खरं तर, तुझ्याच साच्यातला असला तर मुळीच नाही.

हे शेवटचं ती ऑक्टोबरात शिकली.
चाचणीपुरतं म्हणून लिहिलं होतं तिने
शून्य शून्य शून्य शून्य, तिरकी रेघ, शून्य.
म्हणजे जग. म्हणजे कुणीही.
आणि जेवायला गेली.
चौथ्या मिनिटाला पहिली थाप.
रूट आहे का? अ‍ॅडमिन? टेस्ट? रूट?
ओळख ना पाळख, सकाळपर्यंत नऊ हजार थापा,
आणि एका यंत्राने दार उघडलं,
कारण यार्नोने कधीतरी घाईत
पासवर्ड ठेवला होता: उन्हाळा.
इथे सगळ्यांचा तोच असतो.
तिथून मग शेजारी, शेजाऱ्याचा शेजारी.
पहाटे एकशे बारा यंत्रं पुसली तिने.
राख नाही, सुतक नाही,
फक्त खर्चाच्या तक्त्यात एक ओळ.

ओइवाला, बापाला, हे सांगायचं कसं?
त्याच्या तळ्याकाठच्या खोपीला कुलूपच नाही.
घरी नसला की दाराला खराटा आडवा टेकवतो.
येणारा बघतो, समजतो,
मासे आणले असतील तर पायरीवर ठेवून परततो.
"मी पण खराटेच लावते," ती म्हणाली.
"लोक ऐकतात?"
"नाही. म्हणून मागे भिंत."
तो कॉफी ढवळत बसला. साखर घातलीच नव्हती.

एकतीस वर्षं याच गिरणीत होता तो,
दोन नंबरच्या मशीनवर.
बंद झाली त्या सकाळी गेटवर कार्ड लावलं,
लाल दिवा. परत लावलं. लाल.
कुणी नाही म्हणालं नाही.
डबा हातात घेऊन तास-दीड तास उभा होता,
यंत्र बिघडलं असेल, असं समजून.
"घरी कुणी नाही,
एवढं तरी सांगावं माणसाने,"
त्या दिवसाबद्दल इतकंच बोललाय तो.

रात्रीचे अडीच. आइला नियम परत वाचते.
नकाराचे दोन प्रकार असतात.
एक गिळून टाकतो; थाप मारणारा
वाट बघत राहतो, मुदत सरेपर्यंत.
दुसरा उलट निरोप देतो: इथे नाही, जा.
बाहेरच्यांसाठी ती पहिलाच ठेवते.
चोराला कशाला कळवायचं घर आहे की नाही?
पण आतल्या गल्लीत,
जिथे आपलंच एखादं यंत्र
चुकीच्या पत्त्यावर येऊन उभं राहील,
तिथे ती एक शब्द खोडते, दुसरा लिहिते.
शेजारी, यंत्र वाचत नाही अशा जागी,
एका चिन्हामागे टिपण: खराटा.

एंटर.

तीनशे उठली.
चौथ्या मिनिटाला बाहेर थाप पडली, बुडाली.
आत कुठेतरी एकशे सत्तेचाळीस नंबर चुकून
दोनशे तीनच्या दारात गेला,
आणि लगेच परत फिरला.