न प्यायलेलं

पहाटे चारला गावाचा पुरवठा साठवणीच्या टाकीवर टाकला
आणि योरुनने पहिल्या नळकांड्याचा व्हॉल्व्ह बंद केला.
पहाट म्हणायचं ते घड्याळाकडे बघून;
नॉर्वेच्या या टोकाला जुलैत रात्र धड होतच नाही.

चोवीस नळकांडी, प्रत्येकात चार गुंडाळ्या.
अकरा वर्षं तळ्याचं पाणी यांच्यातून पिळून निघालं.
तळं वर दलदलीत, पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं,
शेवाळाचा, कुजल्या पानांचा अर्क.
"विषारी नाही," आस्बियोर्न म्हणतो, "नुसतं लाजिरवाणं.
पांढऱ्या टबात कोणाला चालेल?"

दाब चढत गेल्याचं वहीत आहे, त्याच्याच अक्षरात:
साडेपाच. सहा. सहा पूर्णांक चार.
एका पानावर आकड्याऐवजी फक्त "मार्गिटचं ऑपरेशन",
आणि पुढचे नऊ दिवस दुसऱ्याच कुणाचं अक्षर.

पहिली गुंडाळी निघेना.
रबरी कडी आतून धरून बसलेली.
मग सुटली ती एकदम, दोघं ओल्या फरशीवर,
आणि त्याच्या मांडीवर ती,
मेलेल्या सील माशासारखी जड.

नव्या हलक्या, पांढऱ्या, औषधाच्या वासाच्या.
कडीला बोटाने ग्लिसरीन, बाणाची दिशा, ढकल, नंबर लिही.
छप्पन्नावीचा बाण उलटा निघाला.
कुणी काही बोललं नाही.
बाहेर काढली.

दुपारी त्याने एक जुनी करवतीने उभी चिरली
आणि अंगणात उलगडली.
पान, जाळी, पान, जाळी,
व्हॅनपासून कुंपणापर्यंत तपकिरी.
अकरा वर्षं गाव जे प्यायलं नाही
त्यातलं बरंचसं नाल्याने समुद्राला गेलं;
हे हट्टाने मागे राहिलेलं.
योरुन बूट काढून त्याच्या कडेकडेने चालली.

नगरपालिकेतून फोन: पाणी आता कसं आहे?
"दिसायला कालच्यासारखंच."
"मग एवढा खर्च—"
"दाब चार पूर्णांक एक," तो म्हणाला,
आणि पलीकडे कोणी तरी ते लिहून घेतलं,
न समजता.

जाळ्या तेवढ्या त्याने धुऊन घरी नेल्या,
मागच्या करंटच्या झुडपांवर पांघरल्या.
कस्तुर आले, लाल फळांशी चोच अडली,
पुन्हा घातली, पुन्हा अडली.
खिडकीत मार्गिटने नळाखाली पेला धरला
आणि त्यांच्याकडे बघत,
पाण्याकडे न बघता, प्यायली.