सातची आडवी रेघ

तीन खोकी. शेंझेनहून निघून
व्होरूच्या डेपोत नऊ दिवस पडून राहिलेली.
राइमोने ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणली.
खोक्यावर बाण होता, 'ही बाजू वर',
आणि बाण जमिनीकडे.

काचेची नळी मात्र शाबूत.
मी ती उचलली,
तान्हं मूल उचलतात तशी नव्हे,
काचेची नळी उचलतात तशी:
श्वास धरून, राइमोला शिव्या देत.

बाहेर उणे अठरा.
नळीभोवतीचं पाणी गोठलं तर नळी तडकते,
पाणी फिरायचं थांबलं तरी तडकते.
म्हणून बादलीत न गोठणारं निळं पाणी,
आणि बादलीला माझा जुना लोकरी स्वेटर.
"माझ्यापेक्षा हिचे लाड जास्त," हेल्दुर म्हणाला.
त्याला कुणी बोलावलं नव्हतं.
येताना तो स्वतःचं स्टूल घेऊन आला होता.

मग आरसे.
आरशावर चिकटपट्टीचा तुकडा लावायचा,
बटण क्षणभर दाबायचं,
पट्टीवर तपकिरी टिंब जळतं.
मुंडी जवळ आणून एक टिंब,
मुंडी लांब नेऊन दुसरं.
दोन्ही एकाच जागी पडली पाहिजेत.
पडत नाहीत.
स्क्रू पाव फेरा. पडत नाहीत.
अर्धा फेरा उलट. आता आधीपेक्षा वाईट.
जवळ असताना जे केसभर चुकतं
ते लांब गेल्यावर बोटभर होतं.
हे मला कुणी पंचविशीत सांगितलं असतं
तर मी एक लग्न कमी केलं असतं.

लाल ठिपका दिसतो, पण तो नुसता वाटाड्या.
जाळणारा किरण दिसतच नाही.
म्हणून सगळ्यांना चष्मे.
हेल्दुरने त्याच्या चष्म्यावर हा चष्मा चढवला
आणि तरीही एक डोळा मिटून घेतला,
बंदूक धरल्यासारखा.

सव्विसावा तुकडा. सत्ताविसावा.
चारही कोपऱ्यांत एकच टिंब.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. राइमोने नाक पुसलं.

आल्डरच्या फळीवर पहिले चौकोन जाळले:
फिकट, चहासारखा, राईच्या पावासारखा, कोळसा.
खोलीभर शनिवारचा वास पसरला,
धुराच्या सौनाचा,
आणि कुणाच्याही अंगावर कपडे असणं
क्षणभर विचित्र वाटलं.

ऑर्डर घुबडांच्या पेट्यांची. एकशे चाळीस आकडे.
पूर्वी हे माझे वडील करायचे,
तापवलेल्या सळईने, चाळीस हिवाळे.
त्यांच्या 7 ला मध्ये एक आडवी रेघ असे.
मला वाटायचं, जुन्या माणसांची हौस.
यंत्राचा 7 बिनरेघेचा, सडपातळ, शहरी.

हेल्दुरने पाटी हातात घेतली, परत दिली.
"बारा मीटरवर पेटी. तोंडावर गारा. दुर्बिणीवर वाफ.
हा मला 1 दिसतो."
मी म्हटलं, वडिलांची आठवण येते, असं सरळ सांग ना.
"आठवण बिठवण काही नाही."
त्याने टोपी काढली.
कपाळापासून भुवईपर्यंत तीन पांढऱ्या रेघा.
"एका वर्षी तार्तूहून छापील पाट्या आल्या होत्या.
मी एकाहत्तर समजून सत्याहत्तरात हात घातला.
आत ती पिलांवर बसली होती."

त्या अक्षरसंचात रेघेचा सात नव्हता.
मी माउसने ओढली. तिरकी आली.
पुन्हा ओढली. पुन्हा तिरकी, दुसऱ्या बाजूला.
असू दे.

मुंडी डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे,
विणकाम करणाऱ्या बाईसारखी, न बघता.
अकरा मिनिटं.
पाटी अजून गरम होती.
हेल्दुर ती हातात घेईना. म्हणाला, खिडकीत धर.
आणि दार उघडं टाकून निघाला,
अंगण ओलांडून, लाकडाच्या ढिगापलीकडे,
गुडघाभर बर्फातून पार कुंपणापर्यंत.
तिथे वळला. एक डोळा मिटला.

"सात!" तो ओरडला. "आणि अजून एक सात!"

दार लाव, मी ओरडले,
बादली गोठेल.