तळ

टांगानिका सरोवराच्या काठी, म्पुलुंगूच्या बाजारात
माझी चटई तिच्या डावीकडे. सतरा वर्षं.
म्हणून सांगते, कुणाच्या तोंडचं ऐकून नाही:
नामफुक्वेचा डबाही आमच्यासारखाच होता.
तळ आतल्या बाजूला ठोकलेला,
मूठभर सुके कापेंता कमी बसतील एवढा फुगवटा.
वर मात्र शीग. शीग लावताना
आम्ही कुणीच हात आखडत नाही.
गिऱ्हाईक शीग बघतं. तळ कोण बघतं?

नवरा सरोवरातून परत आला नाही, त्या वर्षी ती वाचायला शिकली,
चाळिशी उलटल्यावर, लेकीच्या शाळेच्या वहीवरून.
बायबल बेम्बातलं, पुठ्ठा निघालेला,
मक्याच्या पिठाच्या पिशवीत गुंडाळलेलं,
त्यालाही आता माशांचाच वास.
होड्या काठाला लागायच्या आत ती बत्तीपाशी बसते,
बोट ओळीखाली, ओठ हलतात,
शेंगा सोलाव्यात तशी एकेक अक्षर फोडते.

आमच्या पाळकांना गोष्टी आवडतात:
वादळ, होडी, फाटायला आलेलं जाळं.
आम्हालाही आवडतात. होडीतलं बोलणं
आम्हाला लगेच कळतं.
ही मात्र काही न गाळता पानामागून पान,
वंशावळी, बकऱ्यांचे नियम, अंगावरचे चट्टे,
रविवारी कुणी फिरकत नाही अशा गल्ल्यांतून चालत राहिली.
आणि एका पहाटे तिचं बोट थांबलं.

मी विचारलं, काय गं, अवघड शब्द आला?
म्हणाली, नाही. सोपा आहे.
माप.

नऊ दिवस पान उलटलं नाही.
मी समजावलं, अगं, सगळ्यांचाच तळ वर आहे,
भावही त्याच हिशोबाने ठरलेला.
मापात पाप, कबूल.
पण पाप सगळ्यांचं सारखं असलं
की त्याला बाजार म्हणतात.
ती मासे निवडत राहिली.

दहाव्या दिवशी, गर्दी व्हायच्या आधी,
तिने डबा वाळूवर ठेवला, आत मुसळ घातलं
आणि तीन घाव.
काठावरचे बगळे उडाले.
बाना कासोंदे हातातलं मीठ टाकून उभी राहिली.
पत्र्याचा तो आवाज असा होता,
जसं कुणीतरी आम्हा सगळ्यांना नावानं हाक मारतंय.

पुढे काय झालं म्हणता?
फार काही नाही.
ज्यांना मूठभर जास्त मिळालं त्यांना कळलंही नाही.
लुसाकाचा व्यापारी तर म्हणाला, तुझी शीग हल्ली बसकी दिसते.
बाना कासोंदे तिला मीठ उसनं देईना.
लेकीचे शाळेचे बूट पुढच्या सत्रावर गेले,
पोर भावाच्या सपाता फरफटत शाळेत जायची.
मी टोचलंच, बघ, हे तुझं पुस्तक.
तर म्हणते कशी,
त्यात कुठे लिहिलंय बूट मिळतील म्हणून?
पण त्या रात्री ती रडली.
आमच्या दोघींच्या झोपड्यांत भिंत एकच आहे, गवताची.

आता ती बरीच पुढे गेली आहे.
परवा बोट पुन्हा थांबलं.
या खेपेला माझ्याकडे बघून हसली.
तिचे दोनशे क्वाचा मी देणं लागते,
आणि परवापासून तिने ते मागणं सोडलंय.
हे काही बरं लक्षण नाही.

मला वाचता येत नाही. शिकायचंही नाही,
हे तिला दोनदा सांगून झालंय.
पण संध्याकाळी सरोवरावर डबा धुताना
राख लावून आतून अंगठा फिरवते,
गोल, गोल, खाली,
आणि तो त्या फुगवट्यापाशी अडतो.
रोज.
त्याच जागी.