पाण्यावरून

मार्च अर्धाही सरला नव्हता आणि पार्कच्या मैदानात एकेचाळीस.
गोलपोस्टला हात लावावा तर चटका.
कोल्हापूरच्या पोरांची बस अजून मोहोळातच होती,
मल्लू बिराजदार तेव्हापासून घसा खाकरत बसलेला.

ते हलगी वाजवतच उतरले.
"काय मर्दानू, आंघोळी झाल्या का?
का नळ परवा येणार?"

हे गेल्या वर्षीचंच होतं, आमचंही उत्तर शिळंच:
"नुसतं रस्सा भुरकायला आलाय का बे?
चपला करकर वाजवून बॉल अडत नसतो!"
"जावा, चादरी विणा चादरी!
फुटबॉल म्हंजे शेंगाची चटणी न्हवं,
कुटली की झाली!"

आमचा गोलकीपर अंबादास येमुल
बॅकला तेलुगूत झापतो, विंगरला कानडीत,
आणि रेफरीशी हिंदीत अदबीनं बोलतो.
"आरं, ह्यांच्या बॉलला कुठली भाषा कळती?"
"गोल खाल्ल्यावर कळंल," मल्लू म्हणाला, "तिन्हीत!"
सगळे हसले. चादरीवर मात्र अंबादास हसला नव्हता.
त्याच्या घरचा माग भंगारात जाऊन महिना झालेला,
हे आमच्यातल्या चौघांनाच माहीत.

सत्तराव्या मिनिटाला गोल त्यांनीच केला.
हलगी नुसती पेटली.
आणि मी, जी वर्गात हजेरीलाही हळू बोलते,
कठड्यावर चढून ओरडले:
"आमच्याकडं पाच दिवसांनी तरी येतंय!
तुमच्या तर घरातच शिरतंय, छपरापर्यंत!"

काय शिट्ट्या पडल्या.
मल्लूनं टाळी दिली, तळहात झणझणला.

पलीकडं हलगी थांबली.
हडकुळा पोरगा होता, काडी तशीच वर धरलेली.
मग पुन्हा वाजवायला लागला,
बाकीच्यांना कळलंही नसेल,
पण ताल कुठंतरी एका ठोक्यानं मागं राहिला
तो शेवटपर्यंत.

हरलो.
शामियान्यामागं जारजवळ तो आला.
"पाणी हाय का?"
मी जार तिरका केला. तो वरूनच प्यायला, गटागटा,
हलगी काखेत.
चामडं नवंकोरं, कडं मात्र जुनं,
आणि कड्यावर गाळाची रेघ,
पुसूनही न गेलेली.
मी रेघेकडं बघतेय हे त्यानं बघितलं.

"शिरोळचा हाय," म्हणाला.
मग तोंड पुसत,
"फुडच्या वर्षी तुम्ही या आमच्यात.
सगळ्यास्नी आंघोळ घालतो."

जिभेवर एक आलं होतं, चांगलं होतं.
"साबण आमचा," एवढंच म्हणाले.
तो हसला की नाही
ते बसच्या धुळीत नीट दिसलं नाही.

त्याच रात्री आमच्या गल्लीची पाळी होती.
तीनला आईनं हाक मारली, बादल्यांचा खणखणाट,
शेजारच्या काकूंची पाइपवरून नेहमीची भांडणं.
पिंपात पाणी काठाशी आलं
आणि मी, का कोण जाणे,
चार बोटं कमी असतानाच
नळ बंद केला.
आई म्हणाली, येडी झालीस का गं?